गळ्यातलं यंत्र

चहा जरा खाली ठेवा, मग सांगते. ठसका लागला तर नाव माझं व्हायचं.

माझी नात सान्वी आमच्या गावच्या शाळेत पहिलीला. एक दिवस घरी येऊन म्हणाली, "आजी, बाईंनी सांगितलंय, वर्गात यंत्र आणायचं नाही."

आमच्याकडे यंत्र एकच. भटजींनी मंतरून दिलेला तांब्याचा पत्रा, काळ्या दोऱ्यात ओवलेला. पोर तापात बरळत होती तेव्हा गळ्यात घातला आणि ती खणखणीत झाली. तो काढायचा? मी जिवंत असताना? तिचा बाप लांब हरमलच्या किनाऱ्यावर, शॅकच्या हॉटेलात कामाला, तो येईपर्यंत कोण थांबतंय! पदर खोचला आणि तरातरा शाळेत.

बाई नवीन, बोलायला गोड. मी म्हटलं, यंत्र काय निघायचं नाही. त्या समजावू लागल्या, "आजी, त्यानं मुलांचे डोळे बिघडतात."

"डोळे? गो बाय, कोणाची दिष्ट लागू नये म्हणानच तर बांधलां!"

त्यांना काही उमगलं नसावं. "बरं, दिवसातून किती वेळ असतं तिच्याकडे?"

"चोवीस तास. न्हाताना पण काढीत नाय."

बाईंनी कपाळाला हात लावला. एवढ्याशा पोरीला दिलं तरी कुणी, विचारू लागल्या.

"देवळातल्या भटजींनी. गावातल्या सगळ्या पोरांका तेच देतत."

बाई खुर्चीत बसल्याच. मला आणखी जोर चढला. सांगून टाकलं, हिच्या धाकट्या भावाला तर बारशालाच मिळालं.

"बारा दिवसांच्या बाळाला?"

शेवटी सान्वीनंच फ्रॉकातून दोरा ओढून दाखवला. बाईंनी पत्रा बघितला, मग मला बघितलं, आणि हसून हसून डोळे पुसायला लागल्या. त्यांचं यंत्र म्हणजे मोबाइल, टॅब, ती गाणारी घड्याळं! शुद्ध मराठी बोलायला गेले नि फसले, म्हणाल्या. आणि मी? जन्मात पहिल्यांदा शाळेची पायरी चढले, ती भांडायला!

बाईंनी लगेच वर्गाला सांगितलं, हातातलं यंत्र आणायचं नाही, गळ्यातलं चालेल. मी मान ताठ करून घरी.

दुसऱ्या दिवशी शाळेतून पुन्हा बोलावणं. पहिलीतली एक मुलगी काळ्या दोऱ्याला मोबाइल बांधून, गळ्यात घालून आली होती. विचारलं तर म्हणे, गळ्यातलं चालतं.

मुलगी म्हणजे माझीच सान्वी. मोबाइलही माझाच.