खडूच्या सात खुणा

आमच्या आक्काला कुणी "तुला जमायचं न्हाय" म्हटलं की मला काळजी वाटते. तिची नव्हे हो, म्हणणाऱ्याची!

मी कमळा, तिची धाकटी बहीण. आम्ही भिवंडीजवळच्या शेलार गावच्या. ही गोष्ट चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यातली. आक्का तेव्हा भिवंडीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात कोरं कापड तपासायची. तिरक्या टेबलावरून कापड ओढायचं आणि खोट दिसेल तिथे खडूची खूण करायची. बारा वर्षं हेच काम. आणि लग्नसराईत हळदी-वराती वाजवणाऱ्या चुलतभाऊ केसरीनाथच्या बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवायची. आधीचा वाजवणारा ऐन हळदीच्या दिवशी उगवलाच नाही, म्हणून ही बसली, ती बसलीच. केसरीदादाला ते सलायचं. पार्टीत बाई! पण हळदीच्या बायका आक्कालाच मागायच्या, मग करतो काय बिचारा?

कीबोर्ड पार्टीचा, पण राहायचा आमच्या घरी. भिंतीला लागून लूमची शेड. कापसाचं तूस डाळीत, केसांत, देवाच्या दिव्यातसुद्धा. कीबोर्डच्या मधल्या चार पट्ट्या त्याच तुसाने मुक्या झाल्या. आक्काने सरळ स्क्रू काढले. मध्ये येणारी चपटी वायर उपटली, पट्ट्यांखालची रबराची फीत उचलली, पट्टी दाबली की जिथे टेकते ते काळे ठिपके स्पिरिटच्या बोळ्याने पुसले आणि सगळं परत बसवलं. त्या चार पट्ट्या बोलायला लागल्या. आणि दुसऱ्याच सात गप्प!

नेमका तेव्हाच केसरीदादा दारात. दोन दिवसांवर अंजूर गावातली हळद.

"केलास सत्यानाश? तरी सांगत होतो, बाईमाणसाने यंत्रात हात घालू नये. तुला जमायचं न्हाय ते, आक्के."

"बारा वर्षं यंत्राच्याच चुका काढते मी, दादा. तुझ्या काढू का?"

दादा लालबुंद झाला. "परवापर्यंत वाजला न्हाय तर अंबाडी गावचा तुळशीराम त्याचा कीबोर्ड घेऊन बसेल. आणि मग तोच बसेल. कायमचा."

तो गेला. आक्का पदराने मान पुसत म्हणाली, "कमळे, ती जागा मला कुणी दान दिली न्हाय. मी सोडणार पण न्हाय." मला इतका राग आला दादाचा, की वाटलं, जावं आणि त्याचा ढोल फोडून यावा.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आल्यावर तिने पुन्हा एकूण एक ठिपका पुसला. तेच सात मुके. मग मी शहाणी पुढे सरसावले. आमच्याकडे काही अडलं की लूमचं तेल घालायचं, दाराची कडी असो की शिलाई मशीन. मी तेलाची कुपी आणली, बूच काढलं, आता दोन थेंब टाकणार...

"ते तेल तुझ्या टाळूवर घाल!" आक्काने कुपी हिसकावली. "तुसाला तेल लावलंस तर चिखल होईल आत. गप बस तिकडे."

मी गप बसले. फुगून बसले, पण बसले.

हळदीच्या दिवशी तिने खाडा केला. सकाळी ती पोटमाळ्याखाली कीबोर्डपुढे बसून राहिली, हात मांडीवर. मग एकदम उठली, पिशवीतला कारखान्याचा खडू काढला आणि वाजत नाही त्या प्रत्येक पट्टीवर खूण करत गेली. काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजल्या. सात वाजतात, आठवी मुकी. पुन्हा सात, पुन्हा आठवी.

"अगो बाई!" ती ओरडली. "कमळे, बघ! धाग्यात खोट असली तर कापडात कुठे पण दिसते. अशी सारख्या अंतराने, मापात पडली, तर धागा चांगला असतो, लूम चुकतो. मी वेड्यासारखी धागेच पुसत बसले!"

परत स्क्रू काढले. ठिपक्यांना हातसुद्धा लावला नाही. सगळ्या पट्ट्यांचा निरोप आत नेणारी ती चपटी वायर कुठे जाते ते बघितलं, तर खाचेत तिरकी बसलेली, एक कोपरा बाहेर. तिनेच घाईत तशी खुपसली होती. तिने ती काढली, टोक कोरड्या फडक्याने पुसलं, सरळ दाबली. पहिली खूण वाजली. दुसरी वाजली. सातवी वाजली तेव्हा मी नाचले, खोटं कशाला बोलू!

"खुणा पूस की," मी म्हटलं.

"न्हाय पुसणार."

चारला आम्ही अंजूरला पोचलो, कीबोर्ड रिक्षात आडवा धरून. मांडवात तुळशीराम स्वतःचा कीबोर्ड मांडून बसलेला. दादा म्हणाला, "आलीस? उशीर झाला. माणूस ठरला."

आक्का पुढे झाली. कीबोर्ड लावला आणि सगळ्या बायकांदेखत खडूच्या सातही पट्ट्या एकेक करून वाजवल्या. सावकाश, दादाच्या डोळ्यांत बघत. "ज्या मेल्या होत्या ना दादा, त्या ह्या."

दादा तोंड उघडणार, इतक्यात तुळशीरामच उठला. खुर्ची अदबीने पुढे सरकवली आणि हळूच म्हणाला, "आक्का, माझ्या पण पाच पट्ट्या बंद हायत. दोन वर्षं चुकवून वाजवतोय. बघाल का?"

मांडवात हशा पिकला. दादा ढोलाची दोरी आवळत बसला.

"बघेन," आक्का खुर्चीवर बसत म्हणाली. "आधी हळद लागू दे."