ताराने काढलेला माग

मी सैन्याच्या श्वानपथकात हवालदार होतो. शेवटची पोस्टिंग काश्मीरमध्ये. रिटायर होऊन वसईजवळ निर्मळला घरी आलो तेव्हा युनिटमधली तारा बरोबर आणली. काळी लॅब्राडॉर, ट्रॅकर. वास धरून माग काढणं हे तिचं काम. तीही रिटायर झाली होती. इथे आल्यावर तिची कंबर धरली आणि दिवसभर ती ओट्यावर पडून राहू लागली. माझी बायको सुलभा हिने रस्त्यावरचं एक पिल्लू घरात आणलं, लाल्या. तारा त्याला सहन करायची, एवढंच.

एका रविवारी सकाळी लाल्या मागच्या वाडीतून आला आणि पायरीवर कोसळला. लाळ गळत होती. दोनदा उलटी झाली. मी त्याच्या छातीवर हात ठेवला. ठोके थांबून थांबून पडत होते.

शेजारचे मिठाचं पाणी पाजा म्हणाले. मी नको म्हटलं. युनिटमध्ये आम्हाला पक्कं शिकवलं होतं, की मनाने उलटी काढायची नाही, दूध-पाणी ओतायचं नाही, आधी डॉक्टर. सुलभाने वसईच्या जनावरांच्या डॉक्टरबाईंना फोन लावला.

"काय खाल्लंय?" त्यांनी विचारलं.

सुलभाने सांगितलं, माहीत नाही. वाडीत खत होतं, उंदराचं औषध होतं, फवारणीचं होतं.

"लगेच निघा. पण काय ते कळलं तर बरं. प्रत्येक विषाचा इलाज वेगळा."

सुलभा गाडी काढायला गेली. माझ्या हातात तेवढाच वेळ होता. मी ताराला लाल्याजवळ आणलं.

"सूंघ."

तिने त्याचं तोंड हुंगलं, पंजे हुंगले.

"ढूंढ."

तिचे मागचे पाय थरथरत होते. तरी नाक जमिनीला लावून ती निघाली, लाल्या जिकडून आला होता तिकडे. खताच्या गोणी आल्या, थांबली नाही. औषधांची खोली आली, वळूनही पाहिलं नाही. केळीतून, मोगऱ्याच्या वाफ्यांतून थेट कुंपणापाशी गेली, बसली आणि माझ्याकडे पाहू लागली. तिच्यापुढे आदल्या दिवशी छाटलेल्या कण्हेरीच्या फांद्या पडल्या होत्या. एका फांदीवर दातांच्या बारीक खुणा होत्या, अजून ओल्या.

नोकरीत मी पुष्कळ माग पाहिले. त्या सकाळी मात्र मी खाली बसून ताराचं डोकं छातीशी धरलं.

फांदी पिशवीत घातली आणि गाडीतून फोन केला. "कण्हेर म्हणजे हृदयावर जातं," डॉक्टरबाई म्हणाल्या. आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी सलाईन आणि इंजेक्शनं काढून ठेवली होती. संध्याकाळी ठोके सुधारले. दोन दिवसांनी लाल्या घरी आला.

ताराला माग काढायला मी शिकवलं नव्हतं. तिचा हँडलर होता नायक गोविंद बिष्ट, गढवालचा. जंगलात माग काढताना त्याला गोळी लागली. आम्ही पोचलो तेव्हा ताराची दोरी त्याच्या मनगटाला होती आणि ती त्याच्या अंगाला अंग लावून बसली होती.

लाल्या घरी आला त्या दिवशी मी गोविंदच्या आईला फोन केला. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मेरे गोविंद ने सिखाया था."

"जी, माताजी," मी म्हणालो.