नखाएवढा फिक्कट डाग

रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत बांधीतल्या, भाताच्या खाचरातल्या, चिखलाचा वास आला की मला चंद्रपूरच्या दवाखान्यातली एक सकाळ आठवते. आईच्या पोटात बरेच दिवस जळजळत होतं, म्हणून नागभीडजवळच्या आमच्या गावाहून मी तिला तिथे नेलं होतं. पोटाचा कॅन्सर बहुतेक वेळा एका जंतूमुळे होतो, असं डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजावलं. आईच्या पोटात तो जंतू निघाला नव्हता. ते ऐकताच आई पदर खोचून उठली. "जंतू नाई न? मंग चाल घरी, रोवणा खोळंबून राह्यला." डॉक्टरीणबाईंनी हात धरून तिला पुन्हा बसवलं. तोंडातून पोटात दुर्बीण घालून पाहताना त्यांना जठराच्या गुलाबी अस्तरावर नखाएवढा फिक्कट डाग दिसला होता. "बाई, जंतू नाही म्हणून हा डाग सोडून चालणार नाही. त्याचा तुकडा मी तपासायला पाठवलाय," त्या म्हणाल्या. तो कॅन्सरच निघाला, पण अगदी वरच्या थरातला, नुकता सुरू झालेला. नागपूरच्या डॉक्टरांनी तो दुर्बिणीतूनच खरवडून काढला. शुद्धीवर आल्यावर आईने पोट चाचपलं, टाके सापडेनात, तेव्हा तिने मला संशयाने विचारलं, "काऊन वं, फाडलंच नाई का यायनं?" मी हसता हसता रडले. आता ती भाताबरोबर झिंग्याची चटणी मिटक्या मारत खाते आणि मी घास हातात धरून बघत राहते. "माह्या तोंडाकडं काय पाहून राह्यली?" ती म्हणते. "जेव न."