भाकरीच्या फडक्यात बांधलेला कॅमेरा

कॅमेरा कसा सांभाळावा हे मला आईनं शिकवलं. तिनं स्वतः उभ्या जन्मात एकदाच फोटो काढून घेतला होता, आणि त्यातही डोळे मिटले होते.

कॅमेरा थोरल्या भावानं दिलेला. तो मुंबईला गोदीत कामाला होता. तिथं कुठल्याशा जहाजावरच्या खलाशाकडून त्यानं तो जपानी कॅमेरा घेतला, आणि गावी आल्यावर माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला, "ह्यो गेला तर दुसरा न्हाई. ध्यानात ठेव." ध्यानात न राहायला काय झालं? आमचे वडील पेडगावात सालगडी म्हणून राबले, दुसऱ्याच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यात, निजले आणि तिथंच संपले. मी परभणीत एका स्टुडिओत झाडलोट करता करता फोटो काढायला शिकलो होतो. मालक म्हणायचा, "स्वतःचा कॅमेरा असंल तर लग्नाचं काम देतो, नसंल तर झाडू हायच." म्हणजे गोष्ट सरळ होती. कॅमेरा आहे तोवर मी फोटोग्राफर. तो गेला की पुन्हा झाडू, आणि झाडूही गेला की वडलांचा आखाडा.

सुरुवातीला मी येडा तो गळ्यात अडकवून हिंडायचो. चकचकीत चामड्याची पेटी, तिला पितळी बटण. एकदा परभणीच्या स्टँडवर एसटीत चढताना कुणीतरी ब्लेडनं पट्टा कापला. माझं नशीब, पट्ट्याचं बक्कल सदऱ्याच्या गुंडीत अडकलं आणि मी बोंबललो. घरी येऊन आईला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली.

"मुडद्या, असं मिरवत हिंडलास तर चोर काय तुझी पूजा करंल का? चोर सोन्याकडं बघतो. भाकरीकडं कोण बघतंय?"

तिनं पेटी काढून फेकली. भाकरीचं फडकं घेतलं, त्यात खाली एक भाकर ठेवली, मधे कॅमेरा, वर आणखी एक भाकर, आणि चार टोकांची गाठ मारून माझ्या हातात दिलं. शेतावर निघालेल्या गड्याचं गाठोडं दिसावं, अगदी तसं.

युक्ती झकास होती, पण भाकरीला मुंग्या लागतात हे आम्ही दोघंही विसरलो. बोरीला एक लग्न होतं. मंगलाष्टका चालल्या होत्या, अंतरपाट धरलेला, मी कॅमेऱ्याला डोळा लावला तर नवरीच्या आधी मला मुंगी दिसली. मग दुसरी. परत आल्यावर मालकानं कॅमेरा उघडून बघितला आणि कपाळावर हात मारला. "अरे, ह्यो कॅमेरा हाय का किराणा दुकान?" सगळा स्टुडिओ हसला. तेव्हापासून मी पुठ्ठ्याच्या भाकरी केल्या. ताट उपडं ठेवून गोल कापले, कडा जराशा वेड्यावाकड्या केल्या, आणि आईनं ते चुलीवर धरून दोन-चार डाग पाडले. फडक्याची गाठ सैल होऊन वरची भाकर जराशी दिसली तरी कुणाला शंका येऊ नये. आई हसून हसून बेजार झाली. म्हणाली, "माझ्या येणाऱ्या सुनेच्या भाकरी अशा झाल्या तरी बास."

तर असा मी गाठोडं घेऊन जिल्हाभर हिंडायला लागलो. आधी कुणावर भरवसा नव्हता. गाडीत दारापाशी बसायचं नाही, डुलकी घ्यायची नाही, काय काम करतो ते सांगायचं नाही, लघवीला जातानाही गाठोडं काखेत. पण थोड्याच दिवसांत माझ्या ध्यानात आलं की मी उगाच जीव काढत होतो. माझ्या गाठोड्याला दुसरी एक राखण होती, आणि ती आईनं दिलेली नव्हती.

आपल्याकडं गाडीत माणूस समोर बसला की विचारतोच, "कोण्या गावचे?"

"पेडगावचे."

"पेडगावात कुणाचे?"

मी सांगायचो. लपवायचं कशाला? विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. माणसं आधी आडनाव विचारायची आणि मग तोंडाकडं बघायची. माझं आडनाव ऐकलं की समोरचा "असं, असं" म्हणायचा, खिडकीबाहेर बघायचा आणि हळूच पाय आखडून घ्यायचा. एकदा मी पाण्यासाठी खाली उतरलो, गडबडीत गाठोडं फळीवरच राहिलं. पळत परत आलो तर ते जागच्या जागी. त्याच्या आजूबाजूची बाकीच्यांची गाठोडी मात्र सरकवून ठेवलेली. एवढ्या गर्दीत फळीवर तेवढ्याच ठिकाणी मोकळी जागा होती. मी खदखदून हसलो. पोलीस बसवला असता तरी अशी राखण झाली नसती! आमच्या घरची भाकर म्हटल्यावर तिला हात लावणार कोण?

त्याच वर्षी दुसऱ्या एका स्टुडिओतल्या फोटोग्राफरचा कॅमेरा पूर्णा स्टेशनात गाडी बदलताना गेला. पेटी उशाला घेऊन झोपला होता बिचारा. त्याला मी नंतर मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलताना पाहिलं. आमचा मालक मला म्हणाला, "तुझं नशीब जोरावर हाय बाबा." नशीब कसलं डोंबलाचं! पण त्याला काय सांगायचं?

हसायचो खरा, पण दुपारी हसू येत नसे. दुपार झाली की गाडीत फडकी सुटायची. ज्वारीच्या भाकरीचा, ठेच्याचा, कांद्याचा वास डब्यात भरायचा. फडकं सोडणारा आजूबाजूला बघून म्हणतोच, "या जेवायला." आणि समोरच्यानं "होऊ द्या, होऊ द्या" म्हणायचं, ही रीत. मला "होऊ द्या" म्हणायची पाळीच येत नसे. नजर माझ्यावरून पुढच्या माणसाकडं जायची. बरं, माझं गाठोडं सोडून आपलं आपण खावं, तर आत पुठ्ठा! मांडीवर भाकरीचं गाठोडं घेऊन मी उपाशी बसायचो आणि खिडकीतून पळणारी कापसाची पऱ्हाटी बघायचो. लय वाईट वाटायचं. चोरी झाली नाही याचं सुख एकीकडं, आणि गाडीभर माणसं असून आपण एकटेच आहोत हे एकीकडं.

मग आई गेली. भाऊ जलदानापुरता आला आणि परत गेला. घरी माझी वाट बघत जेवायचं थांबणारं कुणी उरलं नाही. फडकं मीच धुवायचो, मीच बांधायचो. तिच्यासारखी गाठ मला कधी आली नाही.

अशात एकदा चुडाव्याचं लग्न उरकून मी दुपारी स्टेशनावर येऊन बसलो. मला परभणीकडं यायचं होतं, गाडीला वेळ होता. बाकावर एक म्हातारी येऊन बसली. नऊवारी लुगडं, कपाळभर कुंकू, हातात रिकामी पिशवी. नांदेडला बहिणीकडं निघाली होती. बसल्या बसल्या तिनं विचारलंच, "कोण्या गावचा रे तू?"

मी त्या दिवशी चिडलेलाच होतो. लग्नात मला गोठ्यापाशी पत्रावळ वाढली होती, आणि मी ती तशीच ठेवून उठलो होतो. म्हटलं, हिला एकदमच सांगून टाकावं, म्हणजे सरकायचं तेवढं सरकून घेईल. "पेडगावचा. आमी जय भीमवाले, मावशी."

ती सरकली नाही. माझ्या मांडीवरच्या गाठोड्याकडं बघून म्हणाली, "भाकर हाय का रे त्यात? दे एक चतकोर. सुनेसंगं भांडून निघाले. रागाच्या भरात भाकर बांधायची राहिली. सकाळधरनं पोटात काय न्हाई बघ."

इतकी वर्षं ते गाठोडं घेऊन हिंडलो, कुणी बोट लावलं नव्हतं. मी गाठ मुठीत दाबून धरलेली बघून ती म्हणाली, "का रे? मी बाटंन असं वाटायलंय का तुला? बाटायचं वय गेलं आता माझं."

काय करू? भाकर नाही म्हणावं तर गाठोडं चांगलं फुगलेलं. हिला वाटायचं, पोरगं भाकर असून देईना. मी गाठ सोडली. तिनं वरची भाकर उचलली, बोटांनी मोडून पाहिली, आणि तोंडाला पदर लावला.

"आगं माय! पुठ्ठा हाय की रं ह्यो!"

मी सगळं सांगितलं. चोर, मुंग्या, आई, सगळं. ती हसली, मी हसलो, आणि एकदम माझे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत एक माणूस माझी भाकर मागतंय, आणि माझ्याजवळ भाकर नाही! मला स्वतःचाच संताप आला. "इथंच बसा मावशी," म्हटलं, आणि कॅमेरा फडक्यासकट तिच्या मांडीवर ठेवून निघालो. त्या वेळी मला पूर्णा स्टेशन आठवलं नाही, मोंढ्यातली पोती आठवली नाहीत, भाऊही आठवला नाही.

रुळापलीकडच्या हॉटेलात नुसती भजी होती. पण तिनं भाकर मागितली होती. मी तसाच पुढं तिथल्या आमच्या लोकांच्या वस्तीकडं गेलो. निळा झेंडा दिसला त्या पहिल्या घरात विचारलं. त्या बाईनं काही न विचारता दोन भाकरी, पिठलं आणि कांदा कागदात बांधून दिला. पायरी उतरतो तोच गाडीची शिट्टी झाली. नांदेडकडं जाणारी गाडी. म्हातारीची गाडी!

तेव्हा कुठं मला कॅमेरा आठवला. पळत सुटलो. रुळापाशी पोचलो तर गाडी माझ्या आणि फलाटाच्या मधे उभी. पलीकडचं काही दिसेना. बघता बघता हलली. एकेक डबा पुढून जायला लागला आणि मी कागदातल्या भाकरी छातीशी धरून उभा. गेला, म्हटलं. कॅमेरा गेला. माझ्याच हातानं दिला. आता आखाडा.

शेवटचा डबा सरकला. बाकावर म्हातारी बसलेली होती. गाठोडं पदराखाली घेऊन, दोन्ही हातांनी आवळून.

"मावशी, गाडी गेली की तुमची!"

"जाऊ दे. ह्ये कुणाच्या भरवशावर टाकून जाऊ? एवढा वेळ लावतेत का रे?" ती खेकसली. "आण लवकर."

आम्ही दोघं एका कागदावर जेवलो. तिनं कांदा बुक्कीनं फोडला आणि मोठा वाटा मला दिला. तिरपं ऊन तिच्या तोंडावर आलं होतं. रिळात दोन फोटो उरले होते. मी कॅमेरा उचलून म्हटलं, "मावशी, एक फोटो काढू तुमचा?"

तिनं घास तोंडाशीच थांबवला. "नको लेकरा. घरी कळलं तर विचारतील, कुणाची भाकर खायलीस म्हणून. खाल्लेलं पोटात जातं. फोटो भिंतीवर राहतो."

मला राग आला. पण तिची चुकलेली गाडीही दिसत होती. मी कॅमेरा खाली ठेवला, आणि तिनं आपल्या हातानं फडक्याची गाठ मारली. आईसारखी घट्ट. माझी गाडी आधी आली. मी खिडकीतून हात केला तेव्हा ती रिकामी पिशवी मांडीवर घेऊन एकटीच बसली होती.

त्यानंतर मी दोन गाठोडी नेऊ लागलो. एकात कॅमेरा आणि पुठ्ठे, दुसऱ्यात खऱ्या दोन भाकरी. दुपार झाली की दुसरं फडकं सोडायचो आणि समोरच्याला रीतीप्रमाणं म्हणायचो, "या जेवायला." लोक "होऊ द्या" म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. कॅमेरा कधीच चोरीला गेला नाही. एक भाकर मी गाडीत खायचो, आणि दुसरी रात्री घरी.