पुढच्या काचेला काळी फिल्म

माझी धाकटी बहीण शाळेत कवायत शिकवायची. त्यामुळे ती तोंडाने कमी आणि हातांनी जास्त बोलते. तिचा नवरा, म्हणजे आमचे मेहुणे, निवृत्त ग्रंथपाल. लोकांना गप्प बसवण्याचाच पगार घेतलेला माणूस, आवाज कुठून चढवणार? तरी हे जोडपं रोज भांडतं.

अडचण जागेची. घरात दोन खोल्या, मुलगा, सून आणि परीक्षेला बसलेली नात. जरा आवाज झाला की सून आतून म्हणते, "आई, हळू." हळू भांडणं बहिणीला जमणारं नाही. म्हणून दोघं पाय मोकळे करायला जातो म्हणून निघतात आणि अंगणात उभ्या असलेल्या आपल्या जुन्या गाडीत जाऊन बसतात. मेहुण्यांनी गाडी चालवणं कधीच सोडलंय. विकायची विकायची म्हणत ती तिथेच आहे. काचा वर केल्या की यांचं सुरू.

एक दिवस फाटकाशी एका शेजारणीने हिला विचारलं, "मग, कपाटाचं मिटलं का?" आवाज बाहेर जात नव्हता, पण कपाट केवढं आहे आणि ते कुठे फेकायचंय, हे सगळं हिच्या हातांवरून आजूबाजूच्या बाल्कन्यांना कळत होतं. बहीण लाजेने अर्धी झाली. गाडीला काळी फिल्म लावायचीच, असं तिने ठरवलं आणि मग माझा सल्ला विचारला. मी म्हटलं, भांडताय, चोरी नाही करत. बघेनात का लोक. अर्थातच तिने ऐकलं नाही.

फिल्म लावणाऱ्याने बाजूच्या काचांना लावून दिली, पण पुढच्या काचेला हात लावेना. "बाई, पुढची राहू द्या. समोरचं दिसायला नको?"

"आम्हाला समोरचं बघायचंच नाहीये," बहीण म्हणाली.

शेवटी गाडी जागची हलणार नाही, असं मेहुण्यांकडून कबूल करून घेऊन त्याने लावली.

त्या दिवसापासून ही हरायला लागली. आजवर हिचे हात वर गेले, की मेहुण्यांची नजर बाल्कन्यांकडे जायची आणि ते घाईघाईने म्हणायचे, बरं बाई, तुझंच खरं. आता त्यांनी सीट मागे केली, डोळे मिटले आणि शांतपणे म्हणाले, "नाही." कपाट राहिलं. समुद्रावर जायचं ठरलेलं मोडलं. वर मेहुण्यांचे बडबडे चुलतभाऊ महिनाभर राहायला आले.

"ताई, हे फार हट्टी झालेत गं," तिचा फोन आला.

"होतेच. आता आडोसा मिळालाय," मी म्हटलं.

फिल्म काढायची, हे सांगायला ती मला साक्षीला घेऊन गाडीत बसली. मी मागच्या सीटवर. तिचं सगळं बोलून झाल्यावर मेहुणे म्हणाले, डोळ्यांना बरं वाटतं, राहू दे.

बहिणीने दार उघडलं, खाली उतरली आणि बॉनेटसमोर, भर अंगणात, दोन्ही हात डोक्यावर ताणून उभी राहिली. एकेक बाल्कनी भरू लागली. मेहुण्यांनी काच चार बोटं खाली केली.

"बरं, काढू. हात खाली घे आधी."

"आधी त्या फिल्मवाल्याला फोन लावा."

त्यांनी लावला. पलीकडून उचलला जाईपर्यंत हिचे हात वरच होते.