रग्बीकाकांचा रेटा

शेजारच्या वेल्श गृहस्थांना आम्ही तोंडावर नावानेच हाक मारतो, युट्रेख्टची रीतच ती. घरात मात्र ते रग्बीकाका. तरुणपणी ते वेल्सच्या राष्ट्रीय संघातून पुढच्या फळीत खेळले, मग डच बायकोच्या मागे इकडे नेदरलँड्सला आले ते कायमचेच.

मी पुण्यात कॉलेजकडून कबड्डी खेळलेली. हे कळल्यावर त्यांनी मला ते शिकवत असलेल्या बायकांच्या संघात ओढलं. पहिल्याच मॅचमध्ये बॉल हातात आला. मी समोरच्या धिप्पाड बाईला खांदा मारला आणि सवयीने सुसाट आपल्याच हद्दीत परत पळाले. शिवून परत आले ना! सगळं मैदान "पुढे, पुढे पळ!" म्हणून ओरडत होतं आणि मी विजयी मुद्रेने उभी. काका हसून हसून गवतावरच बसले.

त्या दिवशी कॉफी पिताना मी विचारलं, "देशासाठी इतकी वर्षं खेळलात, डोळ्यांसमोर काय येतं?"

"गवत," ते म्हणाले. "आमचं काम रेटायचं. आठ जणांनी एकमेकांना घट्ट धरून समोरच्या आठांना मागे लोटायचं. डोकं कायम खाली. स्टेडियम भरलेलं असायचं म्हणे. मला फक्त ऐकू यायचं. लोक गात असायचे."

अशाच एका झटापटीत मान दुखावली आणि त्यांचा खेळ संपला. ती शेवटची मॅच हे त्यांना तेव्हा ठाऊकच नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं.

यंदा मानेचं ऑपरेशन ठरलं. आदल्या रविवारी सकाळी मैदानावर इतकं धुकं होतं, की गोलचे खांब अधांतरी तरंगत होते. आम्ही दोघंच होतो.

"ऑपरेशननंतर जमायचं नाही," काका म्हणाले. "एकदा रेटू दे. शेवटचं आहे हे माहीत असताना."

मी साफ नाही म्हटलं. मला भीती वाटत होती. पण ते तसेच उभे राहिले. शेवटी ठरलं, वाकायचं नाही, फक्त माझ्या खांद्यांवर हात टेकवून रेटायचं.

त्यांनी रेटलं. चेहरा लालबुंद झाला, श्वास फुलला. माझे पाय जागचे हलले नाहीत. त्यांचा सगळा जोर एवढाच उरला होता. मला रडू फुटलं.

मग मी एक पाऊल मागे घेतलं. आणखी एक.

"सरकलीस," ते धापा टाकत म्हणाले.

"सरकले," मी म्हटलं.