गुडघ्याची गोळी

"अण्णा उठून न्हाई राहिले," असा वहिनींचा फोन आला तेव्हा मी चपला न घालताच पळालो. बीपीचं मशीन मात्र आठवणीनं घेतलं. थोरल्या भावाच्या थंड दंडाला पट्टा बांधला, बटण दाबलं. आकडा येईना. "सेल उतरले वाटतं," असं मी बोललोसुद्धा... वहिनींनी माझा हात धरला. "भाऊजी, राहू द्या आता."

त्याला महिना होत आला. गोरेगावात आमची हळदीची शेती. पण अलीकडे अण्णा स्वतःची ओळख 'तीन खात्यांचा पेशंट' अशी करून देत. आधी बीपी, मग शुगर, शेवटी किडनी. हिंगोलीचे डॉक्टर ताटातलं एकेक काढून घेत गेले. मीठ गेलं, गूळ गेला, एके दिवशी पाणीही मोजून आलं. "आता नुसतं ताटच उरून राहिलं रे," असं म्हणत अण्णा बिनमिठाचं वरण गुमान संपवायचे. त्यांनी नेम कधी चुकवला नाही. चुकलो तो मी.

दोन वर्षांपूर्वी हळद शिजवायच्या दिवसांत त्यांचे गुडघे धरले. माझेही धरतात. चिठ्ठीशिवाय दुकानातून आणतो ती गोळी मी त्यांना दिली. संध्याकाळी अण्णा तुरुतुरु चालले आणि मी गल्लीत डॉक्टर म्हणून मिरवलो. मग दर आठवड्याला पाकीट पोचवू लागलो. पुढे पाय सुजले, तेव्हा तपासणीला नेलंही मीच. रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी विचारलं, "दुखण्यावरची गोळी घेता? तिनं बीपी चढतं, किडनी आणखी बिघडते. कुणी दिली?" मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. अण्णा म्हणाले, "मीच आणली जी, दुकानातून." परतताना जीपमध्ये मी तोंड उघडलं, तर म्हणाले, "गुडघे बरे झाले होते न रे. तेवढं धर."

अण्णांची ती गोळी त्याच दिवशी बंद झाली. किडनी काही सुधारली नाही. आजार जुनाच होता, असं डॉक्टर म्हणतात. पण त्यात आजाराचा वाटा किती आणि माझ्या गोळीचा किती, हे मला कोण सांगणार...

तेराव्यानंतर हे सगळं मी बायकोला पहिल्यांदा सांगितलं. ती मेथी निवडत होती. मला वाटलं, रागवेल, नाहीतर समजूत घालेल. तिनं जुडी बाजूला ठेवली.

"अण्णांची बंद झाली, मग तुमी काहून अजून ती खाऊन राहिलात? बीपी तर तुमालाबी हाये. उठा, सदरा घाला. हिंगोलीची जीप अजून गेली नसंल."